दोन वेळा गप्प बसलेल्या जयेंद्रला

जयेंद्र, तू गेल्यापासून तुझ्याबद्दल इतकं गोड लिहून येतंय की मला संशय यायला लागलाय. आपल्या मेलिंग लिस्टवर तू असताना कुणी तुला धड थँक्यू म्हटलं नव्हतं. आता तिथं रोज एकदोन मेल पडतात. प्रकल्पाचा आधारस्तंभ. कधीही न भरून निघणारी पोकळी. हसतमुख. तू आणि हसतमुख? दुकानात गिऱ्हाईक शिरलं की आधी तुझ्या कपाळावर आठी यायची आणि मग तोंडातून 'काय हाय?' यायचं. सगळ्यांत लांब मेल निखिलचा आहे, शेवटी श्लोकही टाकलाय. मी तो दोनदा वाचला. एकदा रडू येत होतं म्हणून, आणि दुसऱ्यांदा हा माणूस एवढं का लिहितोय ते बघायला.

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. सरळ माणसाच्या सरळपणाचीही मी चौकशी करते. 'तुज्यासमोर देव जरी आला ना, तू त्याचं आधार कार्ड मागशील,' असं तू म्हणायचास. मागेन. तुझ्याकडूनही मला काही उत्तरं हवी होती, आणि ती न देताच तू पळस्पे फाट्यावर एका कंटेनरखाली गेलास. त्यामुळे आता मी लिहिणार आणि तू ऐकणार. उलट बोलायची सोय नाही, हे माझ्या पथ्यावरच आहे.

हे इतरही वाचतील, म्हणून तुला माहीत असलेलं थोडं सांगून टाकते. बोरू हा मराठी टाइप करायचा आपला प्रोग्राम. फुकट वाटायचा, आतला कोड सगळ्यांना उघडा, ज्याला जमेल त्याने सुधारणा पाठवायच्या. पगार कुणालाच नाही. पुणे, नाशिक, बंगळूर असे विखुरलेले पंधरावीस लोक तो चालवायचे आणि त्यात पनवेलचे आपण तिघं. उरण नाक्याजवळ तुझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. रविवारी सकाळी त्याचं शटर अर्धं खाली ओढून आपण बसायचो. मी ज्युनियर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी. तू आगरी घरातला, तळोज्याच्या अलीकडच्या गावातून रोज स्कूटरवर येणारा, पनवेल-उरणच्या झेडपी शाळांमधली जुनाट मशिनं जिवंत ठेवणारा. आणि रुबिना, माझी जुनी विद्यार्थिनी. बोरूची मदतीची सगळी पानं तिनं लिहिली आणि चूक शोधण्यात ती आपल्या दोघांच्याही पुढे होती. निखिल पुण्याचा. बोरूचं इंजिन, म्हणजे आतला मूळ कोड, त्याचा. ते अडलं तर सोडवणारा तो एकटाच, आणि हे तो कुणाला विसरू द्यायचा नाही.

पहिल्यांदा तू गप्प बसलास तो दिवस मी विसरलेले नाही. निखिलनं केलेल्या एका बदलामुळे शाळांमधली जुनी मशिनं रखडायला लागली होती. रुबिनानं ते शोधलं, तपासलं आणि चॅटरूममध्ये सगळ्यांसमोर व्यवस्थित मांडलं. त्यावर निखिलनं लिहिलं, 'मॅडमना बुरख्यातून स्क्रीन नीट दिसते ना?' खाली हसणारी तोंडं पडली, एकामागून एक. रुबिना बुरखा घालत नाही, डोक्यावर ओढणी घेते. घातला असता तरी काय? मी तेव्हा वर्गावर होते, तासाभरानं वाचलं. पण तू तिथं होतास. तुझ्या नावापुढचा हिरवा ठिपका मला अजून दिसतो. आणि तू काय लिहिलंस? 'उरणच्या शाळेत प्रिंटर चालत नाही, कुणाला काही माहिती आहे का?'

प्रिंटर, जयेंद्र.

संध्याकाळी मी तुझ्या दुकानात आले आणि विचारलं, का गप्प बसलास? तू एका मदरबोर्डवरची धूळ ब्रशनं झाडत राहिलास. 'बगू,' म्हणालास. मूग गिळून बसलेल्या पुरुषांचा हा आवडता शब्द आहे, बघू. रुबिनानं त्यानंतर बरेच दिवस लिस्टवर एक ओळ लिहिली नाही, आणि ती का लिहीत नाही हे एकानंही विचारलं नाही.

मग मी आचारसंहितेचा प्रस्ताव टाकला. जगभरात अशा प्रकल्पांमध्ये तेव्हा तीच भांडणं चालली होती. एकमेकांशी कसं बोलायचं, कसं नाही, कुणी मर्यादा सोडली तर तक्रार कुठे करायची आणि पुढे काय होणार, हे लिहून ठेवायचं की नाही. आपल्याकडे आचारसंहिता म्हटल्यावर आधी सगळ्यांना निवडणूक आठवली. मतदान कधी, दारूची दुकानं बंद का, असे दोन दिवस विनोद झाले. विनोद संपले आणि खरं बाहेर आलं. आपण काय इथं नोकरीला आहोत का? हे परदेशातलं फॅड आहे. बायकांना आणायचं म्हणून आमची तोंडं शिवणार का? निखिलनं मात्र फार सभ्य मेल लिहिला, कोडला जात नसते, धर्म नसतो, कोडसमोर सगळे सारखे. यातलं काहीच ज्याला कधी कुणी विचारलेलं नाही, त्याला हे वाक्य सहज लिहिता येतं, असं मी उत्तर दिलं. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

माझी खात्री होती की तू माझ्या बाजूनं उभा राहशील. तू दोन शब्द लिहिलेस. 'समिती नको.'

रविवारी मी तुझ्यावर इतकी चिडले होते की शटरखालून वाकून आत येताना डोकं आपटलं. तू पंखा माझ्याकडे वळवलास, आणि तोपर्यंत मला कधीही न सांगितलेली गोष्ट सांगितलीस. तू सातवीत असताना तुझ्या वडिलांचं गावातल्या एकाशी होळीच्या जागेवरून भांडण झालं. भांडण गावकीत मिटवायचं, हा गावचा नियम. तुझे वडील तळोज्याच्या कारखान्यात कामाला, चार बाहेरची माणसं बघितलेले. ते सरळ पोलीस चौकीत गेले.

'दुसऱ्या दिवशी गावकी बसली,' तू म्हणालास. 'आमच्या बापसाला बोलावलंच नाय. एकच ओळ ठरली, यांच्याशी वेव्हार नाय. झालं. दुकानदार मीठ देईना. हळदीला कुणी बोलवीना. बहिनीचं लगीन निघालं तर गावातली धवलारीण धवले गायला येईना, पार करंजाड्याकडनं दुसरी आनली. म्हातारी आजी मेली तवा खांदा द्यायला बापसाच्या कंपनीतली मानसं आली, शिफ्ट सोडून. आनि सांगू? एकानंबी तोंडावर येऊन सांगितला नाय का तुजं काय चुकलं. समिती बोललीस ना, का मना ती गावकी दिसते.'

मी ऐकून घेतलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण घरी जाताना रिक्षात माझं डोकं दुसरीकडेच चालायला लागलं. गोष्ट खरी, पण ती नेमकी आत्ताच कशी आठवली? पुण्याच्या एका कंपनीच्या मशिनांचं काम तुला निखिलमुळे मिळालं होतं, हे मला माहीत होतं. निखिल दुखावला तर इंजिन अडणार, काम जाणार. वाळीत टाकलेल्या बापाची गोष्ट पुढे करून हा माणूस निखिलला पाठीशी घालतोय, असं मला वाटलं. हे तुला मी कधी बोलले नाही. तुझ्या लक्षात आलं असणारच, कारण त्यानंतर पंधरा दिवस तू मला 'वैशाली' न म्हणता 'मॅडम' म्हणत होतास.

पुढे तू तीन अटी घातल्यास. तक्रार नावानिशी हवी. ज्याच्यावर तक्रार आहे त्याला समोर बसवून सांगायचं. आणि बंदी घातलीच तर तिला मुदत हवी, कायमची नको. मी विचारलं, 'समोर? रुबिनाला निखिलच्या समोर बसवायचं? तुमच्या गावकीत बाईला कधी समोर बसवलंय का रे?'

तू हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवलास. मग म्हणालास, 'नाय.'

त्या 'नाय'बद्दल मी तुझी आभारी आहे. वाद घालताना दुसऱ्याचा मुद्दा लागला की लागला म्हणणारी माणसं मला आयुष्यात फार भेटली नाहीत. नियमावली अखेर मंजूर झाली. तुझ्या तीन अटींपैकी मुदतीची तेवढी आम्ही घेतली. समितीत पुण्याचे निवृत्त प्राध्यापक कुलकर्णी सर, त्यांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणारा बंगळूरचा एक जण, आणि मी. रुबिना परत आली. मला वाटलं, जिंकले. त्याच सुमारास सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आल्याची बातमी पेपरात होती. मी ती तुझ्यापुढे धरली आणि म्हटलं, बघ, लिहिलेल्या नियमांनीच गावकीला आळा बसतो. तू पेपर वाचलास, घडी घातलीस आणि त्यावर एक उघडा सीपीयू ठेवलास. म्हणालास, 'कायदा आला, बरा झाला. गावकी कुटं गेली ते बी सांग.'

नियमावलीखाली पहिली तक्रार आली ती तुझ्यावर. केली निखिलनं.

तू लिस्टवर, भर दुपारी, आगापीछा काही नसताना लिहिलं होतंस, 'निखिल, येत्या रविवारी पनवेलला ये. मला तुझ्याशी समोरासमोर बोलायचं आहे. नाही आलास तर मी तुझ्या घरी येईन.' एवढंच. वर काही नाही, खाली काही नाही. निखिलचं म्हणणं, ही धमकी आहे आणि माझ्या घरी म्हातारे आईवडील आहेत. कुलकर्णी सर म्हणाले, घरी येईन म्हणजे सरळ धमकीच. मी म्हटलं, सर, तुम्ही त्यांच्याकडचं भांडण बघितलेलं नाही. 'समोर ये' म्हणणं हे त्यांच्यात सभ्यपणाचं आहे. पाठीमागे बोलणारा वाईट. सर म्हणाले, वैशालीताई, नियम तुम्हीच लिहिलाय. धमकी कशाला म्हणायचं, तेही तुम्हीच.

आम्ही तुला व्हिडिओ कॉलवर बोलावलं. तू दुकानातूनच बसलास, मागे लोखंडी रॅक आणि त्यावर मेलेले मॉनिटर. मी विचारलं, 'जयेंद्र, तू हे का लिहिलंस? त्याआधी काही घडलं होतं का?'

'बोललो ते बोललो,' तू म्हणालास.

'कारण सांग. कारण असेल तर आम्ही ते धरू.'

'कारन काय नाय. नियमात बसत नाय ना? मग लावा काय लावायचा ते. आपला मानूस हाय म्हनून सोडलात तर मग गावकीच झाली ना ती.'

आणि कॅमेऱ्यात बघायचं सोडून तू रॅककडे बघायला लागलास. हे तुझं दुसरं गप्प बसणं. मला काय वाटलं, सांगू? वाटलं, हा मुद्दाम करतोय. आचारसंहिता कशी चांगल्या माणसाच्या मानेवर बसते हे मला दाखवण्यासाठी यानं स्वतःची मान पुढे केलीय. वाद हरला होता, तो आता असा जिंकतोय. समितीनं तीन महिन्यांची बंदी घातली, तिघांच्याही मतानं. कारण विचारूनही न देणाऱ्या माणसाला मी कोणत्या तोंडानं सोडलं असतं? आज पुन्हा ती वेळ आली तरी तेच करेन, आणि याबद्दल मी तुझी माफी मागणार नाही.

ती बंदी तू इतकी काटेकोर पाळलीस की माझा संशय पक्काच झाला. बोरूच्या कुठल्याही गोष्टीला हात लावायचा नाही. शाळेतले मास्तर फोन करायचे, तर 'मी बंद हाय, मॅडमना इचारा' म्हणून फोन ठेवून द्यायचास. एका रविवारी मला एक चूक काही केल्या सापडेना. मी लॅपटॉप तुझ्याकडे वळवला, तर तू खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसलास. 'दाखवू नको. मना तुज्या गावकीनं टाकलंय.' मी म्हटलं, नाटकं बंद कर. तू भिंतीशीच बोललास, 'नाटक नाय. नियम हाय.' रुबिना हसली नाही. मला तेव्हाच विचार करायला हवा होता की एवढ्या विनोदावर ही मुलगी का हसत नाही. पण मी तुझ्या पाठीकडे बघून जळत होते.

त्यानंतर काही आठवड्यांनी तू गेलास.

तुझ्या गावात मी पहिल्यांदा आले ती तुला पोचवायला. सगळा गाव लोटला होता. खांदा द्यायला माणसं रांगेत उभी, एक बाजूला झाला की दुसरा पुढे. तुझे वडील ओट्यावर बसून होते. रडत नव्हते. येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे टक लावून बघत होते, आणि मला कळत होतं की ते काय बघतायत. म्हातारीच्या वेळी जे आले नव्हते ते आज आलेत का, हे ते बघत होते. मला त्या माणसाबद्दल एकदम फार माया वाटली. संशयी माणसाला संशयी माणूस लगेच ओळखू येतो.

दहाव्याला निखिल येणार होता. पळस्पे फाट्यावरून कुठे वळायचं, असा त्याचा मला फोन आला. मी नीट रस्ता सांगितला. तो आला, तुझ्या फोटोपुढे वाकला, कुलकर्णी सरांच्या शेजारी जाऊन बसला. मी बायकांत होते. रुबिना तिच्या अम्मीबरोबर रिक्षा करून आली होती. निखिलला बघितलं आणि तिनं ओढणी पुढे ओढली, माझा हात धरला आणि मला मांडवामागे घेऊन गेली.

'मॅडम, जयेंद्रदादांनी तुम्हाला खरंच काही सांगितलं नव्हतं?'

'कशाबद्दल?'

'त्या बंदीबद्दल. ते तसं का बोलले त्याबद्दल.'

मी नाही म्हटलं. मग ती हळूहळू बोलली. ती लिस्टवर परत आल्यापासून निखिल तिला खाजगीत मेसेज पाठवत होता. आधी टोमणे, मग तिचा कुठला तरी फोटो मिळवून त्यावर घाणेरडं काही. काय ते तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिनं ते एकट्या तुला दाखवलं होतं.

'मला का नाही दाखवलंस?' मी विचारलं.

'तुम्ही दुसऱ्या मिनिटाला समिती बसवली असती, मॅडम.' हे खरं आहे. 'अब्बा कुवेतला. घरात चाचांचं चालतं. त्यांना कळलं असतं तर पहिला लॅपटॉप बंद झाला असता, मग माझं बाहेर जाणं. मी दादांना म्हटलं, कुणाला सांगू नका, मॅडमनाही नाही. ते म्हणाले, नाय सांगनार. आणि दुपारी बघते तर ते लिस्टवर. मला वाटलं, आता चौकशीत सगळं सांगणार. त्यांनी नाव नाही काढलं.'

मला आधी हायसं वाटलं. तू मला हरवायला बसला नव्हतास. निखिलला पाठीशीही घालत नव्हतास. आणि पाठोपाठ तुझा इतका राग आला की मांडवाचा बांबू धरून उभी राहिले. मला एका कोपऱ्यात घेऊन 'कारण आहे पण सांगता येत नाही' एवढं म्हणता आलं नसतं तुला? भिंतीकडे तोंड करून बसलास, माझी टिंगल केलीस, मला तुझ्याबद्दल नको नको ते वाटू दिलंस. मग वाटलं, कारण आहे असं तू म्हणाला असतास तर मी ते खणून काढल्याशिवाय राहिले असते का? नसते. तू मला ओळखून होतास. माझ्यापासून तिला वाचवायचं तर माझ्याशी असंच वागणं भाग होतं, आणि हे कळल्यावर मी रडले, जयेंद्र. मांडवामागे, तुझ्या गावच्या बायकांच्या देखत, नाक लाल होईपर्यंत रडले.

रडून झाल्यावर मी डोळे पुसले आणि रुबिनाला विचारलं, 'आणि पहिल्या वेळी? बुरख्याचं बोलला तेव्हा? तेव्हा का गप्प बसला होता?'

ती म्हणाली, 'ते त्यांनी नाही सांगितलं. मी पण नाही विचारलं.'

तर तो हिशेब अजून बाकी आहे. तू मेलास म्हणून तो मी मिटवून टाकीन, असं समजू नकोस. घाबरला होतास? इंजिनाची काळजी? कंपनीचं काम? की नुसतंच सुचलं नाही? वाळीत टाकलेल्या घरातला मुलगा घोळक्याविरुद्ध बोलायला सहजासहजी धजत नाही, असंही असेल. हे मी तुझ्या बाजूनं कल्पून घेतलंय. तू स्वतः यातलं काहीच बोललेला नाहीस, त्यामुळे ते मी पुरावा म्हणून धरत नाही.

त्याच आठवड्यात रुबिनानं तक्रार दिली, नावानिशी. आधी घरी स्वतः सांगितलं. अम्मीनं चाचांना काय सांगितलं, कसं गप्प केलं, ते मला माहीत नाही, पण लॅपटॉप चालू आहे. कुलकर्णी सर म्हणाले, व्हिडिओवर घेऊ, मुलीला त्रास नको. रुबिना म्हणाली, नाही, समोरच बसेन. तुझ्या बायकोनं दुकानाचं शटर उघडून दिलं. ज्याला पनवेलला बोलावणं ही धमकी वाटली होती तो निखिल पनवेलला आला. तो एका बाजूला, आम्ही तिघं मधे, आणि समोर रुबिना, शेजारी पिशवी मांडीवर धरून अम्मी.

निखिलनं मेसेज नाकारले नाहीत. गंमत होती म्हणाला. मग खाली मान घालून म्हणाला, 'आज जयेंद्र असता तर त्यानं हे मिटवलं असतं. त्याच्या आठवणीसाठी तरी मिटवूया.' कुलकर्णी सरांची मान हलायला लागली होती. माझा संताप झाला, पण मी तोंड उघडायच्या आत रुबिना बोलली.

'दादा असते तर मी इथं आलेच नसते. ते माझ्यासाठी गप्प बसले. ते गप्प होते तोवर मलाही गप्प बसायची सोय होती. आता ते नाहीत, म्हणून मी बोलतेय. त्यांचं नाव मधे आणू नका.'

सर खाली बघायला लागले. तिनं हे तुझ्याविरुद्ध म्हटलं नाही. पण त्यात तुझ्यासाठी काहीतरी आहे, ते ऐक. तुझ्या पहिल्या गप्प बसण्यानं तिला बाहेर घालवलं आणि दुसऱ्यानं तिला झाकून ठेवलं, आणि दोन्ही वेळा ती बोलली नाही. बोलली ती तिसऱ्याच वेळी, स्वतःहून. आपण दोघं इतकी वर्षं तिच्यासाठी नियम असावा की नसावा यावर भांडलो आणि तिला एकदाही विचारलं नाही, की तुला काय हवंय.

सर कायमची बंदी म्हणत होते, झाल्या प्रकारानं त्यांनाच आता लाज वाटत असावी. मी म्हटलं, कायमची नाही, एक वर्ष. वर्षभरानं तो येईल, नाहीतर नाही येणार. मुदत हवी, हे माझं तोंड बोलत होतं पण म्हणणं तुझं होतं. यानं तू जिंकलास असं समजू नकोस. त्याच्याबद्दलचा माझा संशय वर्षभरानंही जाणार नाही. इंजिन सध्या रुबिना उघडून बसली आहे. शिव्या घालत वाचतेय, पण वाचतेय.

आता तुझं. लिस्टवरच्या लोकांनी ठरवलं की जयेंद्रवरची बंदी मागे घ्यावी, नोंदच पुसून टाकावी, हीच त्याला श्रद्धांजली. सगळ्यांनी हो म्हटलं. मी एकटीनं नाही म्हटलं, आणि खूप वाईट झाले. दगडाच्या काळजाची बाई, असं एकानं लिहिलंय. समजूत घालायला त्याला काय सांगू? कारण खाली लिहायचं असा समितीचा नियम आहे. मी लिहिलं, 'ही बंदी त्याने स्वतःच मागून घेतली, मुदत पूर्ण होऊ द्या.' रुबिनानं खाली 'बरोबर' लिहिलं. नोंदीतलं कारण तेवढं आम्ही दुरुस्त केलं, तिच्या परवानगीनं.

पण तुला खरं सांगते. गेलेल्या माणसावर कुणी बंदी घालत नाही. ती असते आपल्यातल्या माणसावर. ती चालू आहे तोवर आमच्या यादीत तुझ्या नावापुढे 'दिवंगत' लागलेलं नाही, 'तात्पुरते बंद' आहे. मला ते वाचायला बरं वाटतं. रोज उघडून बघते.

मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. त्या दिवशी सकाळी तुझं खातं आपोआप सुरू होईल, हिरवा ठिपका लागायची सोय परत येईल. तू काही लिहिणार नाहीस, एवढं मला कळतं. तरी मी बघणार आहे.